पुराआधीचं आवतण

हिवरखेडीत आपत्ती व्यवस्थापन समिती स्थापन झाली ती उद्धवराव पाठकांच्या भिडस्तपणामुळे. भिडस्त माणूस घरात बोलायची गोष्ट गावात जाऊन बोलतो आणि गावात बोलायची गोष्ट अर्जात लिहितो. त्यातून उद्धवरावांची चौतीस वर्षं तालुक्याच्या कचेरीत कारकुनीत गेलेली. 'विषय' आणि 'संदर्भ' लिहिल्याशिवाय त्यांना ताटात मीठसुद्धा मागता येत नाही, असं त्यांचे शत्रू म्हणत. शत्रू म्हणजे शेजारचा भागवत. आणखी शत्रू करण्याइतकी सवड त्यांना नोकरीत मिळाली नव्हती.

घरात बोलायची गोष्ट तशी साधी होती. उद्धवरावांची थोरली बहीण गंगूताई, वय शहात्तर, नदीकडच्या खोलीत निजायची. त्या खोलीची मागची भिंत कच्च्या विटांची. भिंतीमागे महादेवाचं देऊळ, देवळामागे उतार आणि उताराखाली पूर्णा. वर सिद्धेश्वरच्या धरणाचे दरवाजे जास्त उघडले की खालच्या गल्लीत पहिलं पाणी शिरायचं ते पाठकांच्या अंगणात. आजवर ते अंगणातूनच परत गेलं होतं. पण दर पावसाळ्यात भिंतीवरची ओल बोटबोट वर चढत होती आणि उद्धवराव रोज सकाळी उठून ती बघत होते. ही भिंत एक दिवस ताईच्या अंगावर पडणार, या धास्तीनं त्यांची झोप उडाली होती.

मग ताईला सांगायचं की नाही? सांगायचं, पण कोणत्या तोंडानं? उद्धवराव आठ वर्षांचे असताना गंगूताई विधवा होऊन माहेरी आली आणि बिनआईच्या या पोराला तिनं वाढवलं. उद्धवरावांची बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी जाई संभाजीनगरला नोकरीला, त्यामुळे आता घरात ही दोघंच. एकदा त्यांनी धीर करून विषय काढला होता. "ताई, पावसाळ्यापुरतं वर शाळेकडं एखादी खोली घेऊ का?"

"आन् महादेवाला दिवा कोण लावील? तू? तुला काडी पेटवता येते का उध्या?"

विषय तिथंच मिटला. साठ वर्षांच्या निवृत्त अव्वल कारकुनाला काडी पेटवता येत नव्हती, हे खरंच होतं.

म्हणून ग्रामसभेत जेव्हा विचारलं गेलं की हिंगोलीला आपत्तीच्या प्रशिक्षणाला कोण जातं, तेव्हा उद्धवरावांनी हात वर केला. सगळ्या खालच्या गल्लीलाच पुराच्या वेळी बाहेर पडायची सवय लावली, म्हणजे ताईही त्यांच्याबरोबर मुकाट्यानं बाहेर पडेल, असा त्यांचा अंदाज होता. एका म्हातारीला उठवण्यासाठी एकेचाळीस घरं उठवायची ही योजना सरकारी पद्धतीला धरूनच होती.

प्रशिक्षणाहून ते परतले ते समितीचे अध्यक्ष म्हणून, नारिंगी जाकीट, शिट्टी आणि दोनशे पानांची पुस्तिका घेऊन. जाकिटात त्यांच्यासारखे दोघं मावले असते. गावात शिरताच भागवतनं ओट्यावरून विचारलं, "भाऊसाहेब, गॅसची एजन्सी घेतली काय?" उद्धवरावांनी उत्तर दिलं नाही. पदावरच्या माणसानं चेष्टेला उत्तर देऊ नये, असं त्या पुस्तिकेत नसलं तरी असायला हवं होतं.

पुस्तिकेप्रमाणे पहिलं काम म्हणजे जोखमीचा नकाशा. तो शाळेच्या भिंतीवर रंगवायचा होता. धोक्याची घरं लाल, मधली पिवळी, सुरक्षित हिरवी. उद्धवरावांनी स्वतः शिडीवर चढून नकाशा काढला आणि संध्याकाळपर्यंत लाल घरवाल्यांची रांग लागली.

"माझं घर लाल काहून?" संतराम म्हणाला. संतराम हा सरपंच आशाबाईंचा नवरा. सही आशाबाईंची आणि बोलणं संतरामचं, अशी गावाची वाटणी होती. "पोरीची सोयरीक चालू हाय माझ्या. पाव्हणे आले आन् भिंतीवर हे पाहिलं तर?"

"अहो, पाणी येतं तुमच्या दारात."

"पाणी येतंय, जातंय. तुमचा रंग जाऊन राहिला का?"

दोन दिवस अशी हुज्जत चालली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यावर ऐकून आलं की लाल घरांना सरकार नवीन घरकुलं देणार आहे. त्या दिवसापासून टेकडीवरचेही लोक येऊन सांगू लागले की आमच्या घरात गुडघाभर पाणी असतं. माळावर राहणारा लालसिंग, ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात टिपूस राहत नाही, तो म्हणाला, "भाऊसाहेब, मला पुरापासून लई तकलीफ हाय." उद्धवरावांनी नियमावर बोट ठेवलं. एका सकाळी पाहतात तो सगळा गाव लाल. रातोरात कुणी रंगवलं याचा तपास लागला नाही, पण भागवतच्या बैलाच्या शिंगांना त्याच आठवड्यात तोच लाल रंग लागलेला होता.

दुसरं काम भोंग्याचं. धोक्याची सूचना द्यायला गावात मोठा भोंगा हवा. उद्धवराव अर्जाच्या कलेत मुरलेले, त्यामुळे सात महिन्यांत भोंगा आला. आला तो थ्री फेजवर चालणारा. हिवरखेडीत थ्री फेजची वीज शेतीच्या लाइनला, आठ तास, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. म्हणजे पुरानं यायचंच असेल तर वेळापत्रक पाहून यावं लागणार होतं. उद्धवरावांनी भोंगा बदलून मिळण्याविषयी पत्र लिहिलं. उत्तर आलं की आपण ज्या पुरासाठी भोंगा मागत आहात, त्या पुराची तारीख अर्जात नमूद केलेली नाही. ते पत्र त्यांनी दोनदा वाचलं. नोकरीत असताना अशी पत्रं आपणही लिहिली असतील, असा एक वाईट संशय त्यांना आला आणि त्यांनी चहा घेतला नाही.

शेवटी लग्नात स्पीकर लावणाऱ्या मुन्नाला गाठून रंगीत तालमीचा दिवस ठरला. तालुक्याहून एक तरुण मॅडम आल्या. मोबाईलमधलं घड्याळ सुरू करून त्या शाळेच्या पटांगणात उभ्या राहिल्या. उद्धवराव जाकीट घालून माईकवर गेले. "ग्रामस्थांनो, पूर्णा नदीला पूर आला आहे असे समजावे. सर्वांनी त्वरित शाळेकडे प्रस्थान करावे." असं त्यांनी पाच वेळा सांगितलं.

पटांगणात आली अकरा पोरं, दोन कुत्री आणि पुसेगावचा एक माणूस. तो बैल विकत घ्यायला आला होता आणि वाट चुकला होता. मॅडमनी चाळीस मिनिटं वाट पाहिली, मग त्या पुसेगावकराचं नाव लिहून घेतलं आणि गाडीत बसल्या. जाताना म्हणाल्या, "काका, पुढच्या महिन्यात परत येते. जरा जनजागृती करा." साठ वर्षांच्या आयुष्यात उद्धवरावांना इतकं लाजिरवाणं वाटलं नव्हतं. त्यांनी जाकिटाची घडी घातली आणि मागच्या वाटेनं घरी आले.

संध्याकाळी समितीची बैठक झाली. उद्धवरावांनी घसा खाकरून विचारलं, "तुम्ही आला का नाहीत?"

भागवत म्हणाला, "घरी कुठं कोण आलं होतं बलवायला? भोंग्यावर तर हरवलेली शेळीबी सांगतेत आन् लशीचंबी सांगतेत. तेवढ्यावर कुणी उठून जातंय काय? भाऊसाहेब, तुमी रागावू नका, पर गावाची काही रीत असती का न्हाई?"

"अहो, पुराला कसली रीत!"

"पुराला नसंल. आमाला हाय."

तेव्हा दाराशी बसलेल्या आशाबाई बोलल्या. त्या वर्षातून दोन-तीनदाच बोलायच्या आणि बोलल्या की संतराम आपोआप गप्प व्हायचा. "भाऊसाहेब, लग्नाला आपुन चूलबंद आवतण देतो. मंग घरात कोण राहतंय?"

साधं आवतण दिलं तर घरातला एक माणूस जेवून येतो. चूलबंद दिलं तर त्या घरी चूल पेटवायचीच नाही. म्हातारं, लेकरू, बाळंतीण, आलेला पाहुणा, झाडून सगळ्यांनी जायचं आणि मागे राहणं म्हणजे आवतण देणाऱ्याचा अपमान. सरकारी पुस्तिकेची दोनशे पानं जे करू शकली नव्हती, ते ही एक रीत शेकडो वर्षं बिनबोभाट करत होती. उद्धवरावांना आशाबाईंच्या पाया पडावंसं वाटलं. पण अध्यक्षानं बैठकीत सरपंचाच्या पाया पडावं की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पुढच्या महिन्यात मॅडम आल्या त्या वेळी सगळं जय्यत होतं. घरोघरचं डाळ-तांदूळ, वांग्याची भाजी आणि संतरामकडून बुंदी. आशाबाई आणि चार बायका हळदकुंकवात कालवलेल्या अक्षता घेऊन दारोदार फिरल्या. एकेका दारात अक्षत ठेवायची आणि म्हणायचं, "पाणी आलंय, शाळेवर चूलबंद आवतण हाय बरं का." एकतीस मिनिटांत गल्ली रिकामी झाली. लोक ताट-तांब्या घेऊन धुतलेल्या कपड्यांत निघाले. ऐंशी वर्षांच्या रूपाबाईला तिच्या नातवांनी बाजेसकट उचलून आणलं. खालच्या गल्लीची लोकसंख्या दोनशे बारा, पटांगणात माणसं भरली दोनशे साठ. चूलबंद म्हटल्यावर पाहुणेही आले होते, आणि मॅडमसमोर पाहुण्यांना घालवायचं कसं?

"काका, कमाल केलीत!" मॅडम म्हणाल्या. "एकेचाळीस घरं ना? मी चाळीस मोजली. राहिलेलं घर कुणाचं?"

भागवत अत्यंत आदरानं म्हणाला, "अध्यक्षांचं."

घरी येऊन उद्धवरावांनी पाहिलं तर गंगूताई देवाच्या वाती वळत बसली होती. "सगळा गाव आला होता, ताई."

"ऐकलं. बुंदी कच्ची होती म्हणे."

"तू काहून आली नाहीस?"

"घरचंच माणूस घरच्याला आवतण देतं का कुठं?" एवढं म्हणून ती उठली आणि देवळात गेली.

ठीक आहे, रीत ती रीत. पुढच्या आठवड्यात उद्धवरावांनी राहिलेल्या एका घराची तालीम पुन्हा ठेवली आणि भागवतला पाठवलं. भागवतनं दारात उभं राहून हाक दिली, "भाऊसाहेब, शाळेवर चूलबंद आवतण हाय!" आतून गंगूताई म्हणाली, "उद्धव घरी न्हाई. आल्यावर सांगते." आणि दार लावून घेतलं. भागवत परत येऊन म्हणाला, "भाऊसाहेब, पुराला एक वेळ मी समजावीन. तुमच्या ताईला न्हाई." उद्धवराव बहिणीवर मनातून रागावले. समितीच्या वहीत घर क्रमांक एकपुढे त्यांनी लिहिलं, 'सदर कुटुंबाने सहकार्य केले नाही.' मग ते खोडलं. खोडताना त्यांना दिसलं की भिंतीवरची ओल खिडकीला टेकली आहे.

भाद्रपदात पावसानं चार दिवस डोकं वर काढू दिलं नाही. पाचव्या दिवशी, मंगळवारी दुपारी एकला, मोबाईलवर निरोप आला. धरणाचे दरवाजे आणखी उघडत आहेत, नदीकाठच्या गावांनी सावध राहावं. उद्धवराव जाकीट चढवून भोंग्याकडे धावले. तो थ्री फेजच्या रातपाळीचा आठवडा होता. मुन्नाला फोन लावला. मुन्ना आपले स्पीकर घेऊन कनेरगाव नाक्याला गणपतीच्या कार्यक्रमात होता आणि त्याला पलीकडून ढोलापुढे काही ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी शिट्टी फुंकली. शिट्टी ऐकून शाळेतली पोरं कवायतीसाठी ओळीत उभी राहिली.

"भाऊसाहेब, ती शिट्टी ठेवा खिशात," मागून आशाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोक्यावर प्लॅस्टिकचं पोतं होतं आणि पदराखाली ताट. "मी अक्षता कालवल्यात. चला."

दोघं निघाली. पहिल्याच दारात रूपाबाईनं अक्षत घेतली, कपाळाला लावली आणि विचारलं, "आज कशाचं आवतण?"

"पाणी येऊन राहिलंय, काकू. खरंखुरं," उद्धवराव म्हणाले.

"ते येतच असतंय दरसाल. जेवाया काय हाय?"

उद्धवरावांनी चौतीस वर्षांत एकाही खोट्या कागदावर सही केली नव्हती. ते म्हणाले, "बुंदी."

मग ते प्रत्येक दारात बुंदी म्हणत गेले. पुढे पुढे तर त्यात जिलेबीही आली. एकदा खोटं बोलायला लागलं की त्याला मर्यादा राहत नाही, असं लोक म्हणतात ते काही खोटं नाही. पण माणसं निघाली. त्यांना पूर कळत नव्हता असं नाही. दारातून नदीचा आवाज ऐकू येतच होता. पण पाण्याला भिऊन घर सोडलं असं म्हणवून घ्यायला कुणी तयार नव्हतं, आणि जेवायला गेलो म्हणायला कुणाची हरकत नव्हती. चार वाजेपर्यंत चाळीस घरांना कड्या लागल्या. भागवतनं गुरं माळावर नेऊन लालसिंगच्या वाड्यात बांधली. संतरामनं शाळेच्या पोषण आहाराचा तांदूळ खिचडीसाठी मागितला. गुरुजी म्हणाले, लेखी दिल्याशिवाय कोठी उघडता येणार नाही. उद्धवरावांनी भिजलेल्या कागदावर भर पावसात 'विषय' आणि 'संदर्भ'सह अर्ज लिहून दिला. संदर्भाच्या जागी त्यांनी लिहिलं, 'पूर, दिनांक आजचा.' आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना अर्जात तारीख घालताना बरं वाटलं.

सगळी घरं मोजून झाली. चाळीस. उद्धवराव खाली धावले आणि त्यांच्यामागे ताट घेऊन आशाबाई.

देवळाच्या तीन पायऱ्या पाण्यात होत्या. अंगणात घोट्याएवढं पाणी फिरत होतं आणि त्यात पाठकांची झाडणी गोल गोल हिंडत होती. गंगूताई नदीकडच्या खोलीत बाजेवर पाय वर घेऊन बसली होती. समईत वात लावलेली होती.

"ताई, चल." उद्धवरावांचा आवाज फाटला. "ही भिंत पडेल. मी वर्षभर हेच सांगून राहिलोय तुला."

"वर्षभर समिती काढून सांगितलंस. मला म्हाईत होतं. तू जन्मात कधी सरळ बोललास का?"

"आता बोलतोय. चल."

"आवतण कुठाय?"

"ताई, पाण्यात उभा आहे मी, आणि तू आवतणाचं काय घेऊन बसलीस!"

गंगूताई रागावली नाही. तिनं वातीची पेटी बंद केली आणि शांतपणे म्हणाली, "बावन्न वर्षं झाली उध्या मला परत येऊन. या गावात कुणाच्या लग्नाचे पापड मी लाटले न्हाईत? कुणाची बाळंतपणं केली न्हाईत? पर आवतण आलं की दारातून आवाज यायचा, 'उद्धवराव हायेत का?' मी सांगायचं, हायेत, न्हाईत. माझ्या हातावर कुणी अक्षत ठेवली? लोकांचं सोड. तू समितीची यादी मला वाचून दाखवलीस. घर क्रमांक एक. कुटुंबप्रमुख उद्धव. इतर व्यक्ती, एक. मी इतर व्हय?"

चौतीस वर्षं उद्धवरावांनी लोकांना नोटिसा काढल्या होत्या. नोटीस माणसाच्या नावानं निघते आणि त्याच्याच हातात द्यावी लागते, नाहीतर ती दिली असं धरत नाहीत, हे त्यांनी कितीतरी नव्या कारकुनांना शिकवलं होतं. आणि स्वतःच्या घरात, जिनं त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, कडेवर शाळेत नेलं, तिचं नाव त्यांनी यादीत घातलं नव्हतं. रकाना लहान होता, एवढंच त्या वेळी त्यांना वाटलं होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की भिंतीचा धाकसुद्धा क्षणभर विसरला.

आशाबाई पुढे आल्या. त्यांनी डोक्यावरचं पोतं काढून ठेवलं, ओला पदर नीट घेतला, चार अक्षता उचलल्या आणि गंगूताईचा हात धरून तळव्यावर ठेवल्या. "चुकलं आमचं, गंगूताई. समद्या गावाचं चुकलं. हे आवतण तुमच्या नावानं. चूलबंद."

गंगूताईनं तळव्याकडे पाहिलं. मग तिनं डोळे टिपले आणि विचारलं, "जेवायला काय हाय?"

"खिचडी."

"बुंदी म्हणून ओरडत होता ना कुणी मघाशी?"

"ते भाऊसाहेब खोटंच सांगून राहिले होते."

गंगूताई ताडकन बाजेवरून उतरली. "उध्या खोटं बोलला? मग पाणी खरंच लई आलंय."

पण निघणं इतकं सोपं नव्हतं. आवतण आपल्या नावानं आलं म्हटल्यावर विटक्या लुगड्यात कसं जायचं? तिनं दोघांना खोलीबाहेर काढलं. बाहेर पाणी पिंडरीला लागलं होतं आणि उद्धवराव दारावर थापा मारत होते. आतून ट्रंक उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा, मग पुन्हा उघडल्याचा. शेवटी हिरव्या काठाचं कोरं लुगडं नेसून, एका हातात ताट आणि एका हातात तांब्या घेऊन गंगूताई बाहेर आली. वाटेवर भागवत दोर घेऊन उभा होता. त्यानं काही न बोलता तिला पाठुंगळी घेतलं. भागवत न बोलता काही करतो, हे गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

शाळेच्या व्हरांड्यात पंगत बसली. आशाबाईंनी गंगूताईला पहिल्या पंगतीत मधोमध बसवलं आणि वाढायला उद्धवरावांना लावलं. त्यांनी जन्मात कुणाला वाढलं नव्हतं. खिचडी निम्मी ताटात आणि निम्मी ताटाबाहेर पडत होती. बुंदी कुठंय म्हणून सगळ्यांनी त्यांना टाकून बोलून घेतलं, जिलेबीचं तर त्यांना महिनाभर ऐकावं लागणार होतं. गंगूताईनं दोनदा खिचडी मागून घेतली. मीठ कमी आहे म्हणाली, पण दोनदा मागून घेतली.

सकाळी पाऊस उघडला आणि पाणी उतरलं. गाव चिखल तुडवत खाली आलं. पाठकांच्या दारात येऊन सगळे थांबले. नदीकडच्या खोलीची मागची भिंत सबंध आत आडवी झाली होती. तिच्या खाली गंगूताईची बाज होती. एक पाय तेवढा बाहेर दिसत होता.

उद्धवराव उंबऱ्यावर बसले आणि लहान पोरासारखे रडू लागले. जाकीट घातलेला माणूस असा रडताना बघून संतरामनं तोंड फिरवलं आणि आशाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. गंगूताई हिरवं लुगडं वर खोचून चिखलातून त्यांच्याजवळ आली. पडलेल्या भिंतीकडे तिनं एकदाच पाहिलं. मग तिनं भावाच्या डोक्यावर हात ठेवला.

"उगी, उगी. वाचले ना मी? आता रडायचं न्हाई," ती म्हणाली. "पर पुढच्या साली आवतण आदल्या दिवशी देत जा. ऐनवेळी माणसाला धड निऱ्या घालता येत न्हाईत."